दुसरी डिस्क दिसत नाही

१२ जून, बुधवार

झरीहून बस उशिरा. घरी येऊन चहा ठेवला आणि दार वाजलं. पार्सलवाला. खोक्यावर नाव यांचं.

"सर हायेत का? ओटीपी लागंल."

नाहीत, मी म्हणाले.

"मग फोन लावून इचारा की ताई. त्यांच्या मोबाइलवर आला आसंल."

यांचा मोबाइल गेल्या महिन्यापासून कपाटात, बंद. चार्जरला लावला. तो माणूस जिन्यात उभा राहिला. मोबाइल उघडत नाही, लॉकचा नंबर आम्हाला कुणालाच माहीत नाही, पण मेसेज वरच दिसतो. आकडे वाचून दाखवले. "सरांना म्हणावं रेटिंग द्या," म्हणाला आणि गेला.

चहा आटून गेला होता.

खोक्यात हीट सिंक. कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर बसतो तो अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा, वर पंखा. सोबत पेस्टची छोटी ट्यूब. जायच्या एक-दोन दिवस आधी मागवला असणार. म्हणत होते, "तापायलाय गं फार, दोन मिनिटांत बंद पडायलाय." मे महिना, सगळंच तापत होतं. मी काहीतरी हो हो केलं होतं.

खोका टेबलावर ठेवला. मग उचलून टेबलाखाली ठेवला.

१३ जून, गुरुवार

प्रज्ञाचा पुण्याहून फोन. नेहमीसारखं जेवलीस का, झोपलीस का. मग एकदम म्हणाली, "मम्मी, पप्पांचा आवाज कुठंच नाही माझ्याकडे. सगळा मोबाइल शोधला."

मी म्हणाले, असं कसं असेल.

पण आहे तसंच. व्हॉइस मेसेज कधी पाठवला नाही, लिहूनच पाठवायचे. व्हिडिओ काढताना तोंडातून शब्द नाही. "शूटिंगमध्ये आपण बोलू नये." लग्नाच्या कॅसेटवर वरून गाणी टाकलेली. प्रज्ञाकडे एक व्हिडिओ आहे, त्यात हे नुसते हसतात, तेही ऐकू येत नाही, मागं मिक्सर चालू आहे.

मग आठवलं. रेकॉर्डिंग. रविवारी रविवारी गावोगाव जाऊन म्हाताऱ्या बायकांची गाणी भरून आणायचे. जात्यावरची, बाबासाहेबांवरची, जलशातली. त्यात प्रश्न हेच विचारतात. ते सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे.

प्रज्ञाला सांगितलं.  ती म्हणाली, "दुकानात देऊ नकोस. फॉरमॅट करून टाकतात." यांच्या जलदान विधीला फोटोसाठी तिनंच तो चालू केला होता, दोन मिनिटांत बंद पडला. शेवटी बॅनरवर शाळेच्या ओळखपत्रातला फोटो गेला.

१४ जून, शुक्रवार

झरीच्या दवाखान्यात, माझ्या औषधांच्या खिडकीत गयाबाई. बी.पी.च्या गोळ्या घ्यायला महिन्यातून एकदा येतात. यांनी सगळ्यात जास्त रेकॉर्डिंग त्यांचंच केलं. डोळ्यांनी दिसत नाही फारसं, मला आवाजावरून ओळखतात.

"बाई, सर कवा येणार हायेत? म्हणावं एक गाणं राहिलंय. परवा आठवलं. मी इसरायच्या आत या म्हणावं."

सर गेल्याचं त्यांना कुणी सांगितलंच नाही. गावात कुणालाच वाटलं नसेल की गयाबाईला सांगायला पाहिजे.

गोळ्या दिल्या. एक सकाळी, एक रात्री. सांगितलं नाही. मागं रांग होती, हे कारण.

१६ जून, रविवार

आज केलं.

मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहिले. पंखा बंद करून सतरंजी पसरली. कॅबिनेट बाजूला आडवं घातलं. आत धूळ, आणि पांढरट भुकटी. कूलरची असणार. हे उन्हाळ्यात कॅबिनेटचं झाकण काढून कूलर त्यावर सोडायचे, बोअरचं खारं पाणी, त्याची भुकटी सगळीकडे बसते. कूलरच्या जाळ्यांवर बसते तशीच.

जुना हीट सिंक निघेना. पेस्ट वाळून सिमेंट झालेली. व्हिडिओत हलकेच फिरवा म्हणतात. मी ओढला. खट आवाज झाला आणि प्रोसेसरच त्याला चिकटून वर आला, जागेवरून उपटून. खाली शेकडो पिना. दोन-तीन वाकलेल्या.

तसंच धरून बसले. किती वेळ ते माहीत नाही.  दात मुळासकट निघाल्यासारखं.

मग चिमटा आणला. दवाखान्यातून आणलेला जुना. भिंग नाही, यांचा वाचायचा चष्मा लावला. एकेक पिन सरळ केली. श्वास रोखून. प्रोसेसर परत बसला, खाचेत आपोआप उतरला, खटका खाली दाबला. पेस्ट लावली, नवा हीट सिंक बसवला, स्क्रू आवळले.

चालू केला. पंखा फिरला. स्क्रीन काळी. आतून लांब शिट्टी, थांबून पुन्हा लांब शिट्टी.

बंद केला. बुद्धवंदना म्हटली, तीही अर्धीच.

१७ जून, सोमवार

बकरी ईदची सुट्टी. सलीमभाईंचं दुकान बंद असणार. स्टेशन रोडला कॉम्प्युटरचं दुकान, हे तिथूनच सगळं घ्यायचे. तरी फोन केला, ईद मुबारक म्हटलं आणि मग शिट्टीचं विचारलं. लाज वाटली.

"भाभी, वो रॅम है. रॅमची पट्टी काढा, सोनेरी कडेला खोडरबर मारा. शाळेतलं साधं रबर. मग घट्ट बसवा, दोन्हीकडं टक वाजलं पाहिजे."

कडेवर तीच पांढरी भुकटी. रबरानं घासली, रबर काळं झालं. बसवली. टक, टक.

शिट्टी गेली. स्क्रीनवर अक्षरं आली. सीपीयू फॅन एरर. पुढे जायला एफ वन दाबा. दाबलं नाही. एवढ्यावर थांबले.

१८ जून, मंगळवार

प्रज्ञाला फोटो पाठवला. तिनं तिथल्या मित्राला विचारलं. पंख्याची वायर भलत्याच ठिकाणी खोचलेली आहे, शेजारच्या. पंखा फिरतो पण कॉम्प्युटरला कळत नाही की फिरतो आहे.

वायर काढून बरोबर जागी लावली. एरर गेली. विंडोज येऊ लागलं, यांनी ठेवलेलं चित्र दिसलं, गोदावरीचा पूल. आणि बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. हात लावून पाहिला तर वरचा ठोकळा गार. मग तापतंय काय?

२० जून, गुरुवार

दवाखान्यातून येताना सलीमभाईंच्या दुकानात गेले. कॅबिनेट रिक्षात मांडीवर घेऊन. फॉरमॅट करायचं नाही, हे बसायच्या आधीच सांगितलं. ते म्हणाले, "भाभी, सरांच्या कॉम्प्युटरला मी माझ्या मर्जीनं हात लावला तर सर रात्री स्वप्नात येऊन विंडोज टाकायला लावतील."  मग "माफ करा" म्हणाले. मी म्हणाले, बरोबरच आहे.

हीट सिंक काढला. हसू आवरलं नाही त्यांना. खाली तळाला पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद तसाच. त्यावर माझी पेस्ट, उष्णता ठोकळ्यापर्यंत पोचणार कशी.

"आणि भाभी, पेस्ट लावली का भाकरीवर लोणी?"

मलाही हसू आलं. मे नंतर पहिल्यांदा. रिक्षात बसल्यावर त्याचाच धक्का बसला.

कागद सोलला, पुसलं, मटाराएवढी पेस्ट, पुन्हा बसवला. चालला. बंद पडला नाही. चहा पिऊन होईपर्यंत चालला. पैसे घेतले नाहीत.

२२ जून, शनिवार

काय लिहू.

दुपारी बसले. यांचे हेडफोन लावले, कानाला सैल होतात. फोल्डरं सापडली, गावांच्या नावांची. पेडगाव, झरी, मानवतकडची दोन-तीन. झरी उघडलं. गयाबाई १.

गयाबाई गातात. थांबतात. थोडी शांतता. मग म्हणतात, "न्हाई न्हाई, हे लगीन झाल्यावरचं." पुन्हा गातात. पुन्हा थांबतात. "माज्या सासूनं शिकवलं." कुणी विचारलं ते नाही. नुसतं उत्तर.

मला वाटलं हेडफोनची एक बाजू गेली. बिघाड शोधायची सवयच लागली आहे. हेडफोन उलटे घालून पाहिले. दुसरी फाइल. तिसरी. पेडगावची म्हातारी हसते, एकटीच हसते, कशाला हसली ते कळत नाही. सगळीकडे उत्तरं. प्रश्न एकही नाही.

मग आठवलं. जेवताना एकदा म्हणाले होते, "माझी बडबड कापून टाकतो. ऐकणाऱ्याला म्हातारी ऐकायची आहे, मास्तर कशाला?" रात्र रात्र हेडफोन लावून बसायचे ते हेच करत होते. स्वतःला काढत होते. इतकं नीट, की सांधाही कळत नाही.

एका ठिकाणी श्वास राहिला आहे. घेतलेला श्वास, बोलायच्या आधीचा. यांचा की बाईचा, सांगता येत नाही. पुन्हा पुन्हा ऐकला. नाही सांगता येत.

प्रज्ञाला अजून कळवलेलं नाही.

२३ जून, रविवार

रात्री आठवलं, सकाळी नक्की झालं. त्याच जेवणात मी विचारलं होतं, कापलेलं कुठं जातं? "मूळ सगळं ठेवलंय ना. दुसऱ्या डिस्कवर. मूळ कधी मोडायचं नसतं."

कॉम्प्युटरमध्ये दोन डिस्क आहेत. चालू केला, पाहिलं. एकच दिसते. बंद करून पुन्हा चालू. एकच. मीच काहीतरी हलवलं असणार. केबल काढून लावली. दुसऱ्या केबलनं लावली. वाकलेली पिन आठवली. प्रज्ञाला सगळं सांगितलं, कापल्याचंही. ती रडली, मग मित्राला जोडून घेतलं फोनवर. तो सांगेल ते करत गेले. चालू, बंद, चालू, बंद. दुसरी डिस्क दिसत नाही.

शेवटी डिस्कच बाहेर काढली. कॅबिनेटमध्ये अगदी तळाला, उभी बसवलेली असते. तिच्या एका अंगाला हिरवी पट्टी आहे, त्यावर पांढरी रेघ. सरळ, आडवी. खालचा भाग पांढरा, वरचा स्वच्छ. भिंग लागलं नाही.

कूलरची भुकटी अशी रेघेत बसत नाही. ही पाण्याची पातळी आहे. बादलीला असते तशी.

कॅबिनेटमध्ये पाणी कुठून येणार? घरात पाऊस नाही, गळती नाही.

२४ जून, सोमवार

रजा टाकली.

आक्का आल्या. यांच्या थोरल्या बहीण, पेडगावच्या. ज्वारीचं पीठ, शेवग्याच्या शेंगा, आणि मी नीट खात नाही यावर बोलणं. सतरंजीवर उघडं कॅबिनेट पाहिलं.

"झाला का चालू, मिलिंदाचा?"

झाला म्हणाले, थोडं राहिलंय.

"मला वाटलंच. पार धुळीनं भरलं व्हतं बाई. त्या दिशी घर धुतलं न्हवं का आमी, म्या म्हणलं माज्या भावाची वस्तू हाय, अशी घाण कशी ठिवू. खालून पाणी मारलं, वरून फडकं. सगळं निघालं बघ खालनं, काळं काळं."

माती देऊन आल्यावर घर धुतात. बायकांनी धुतलं. मी आतल्या खोलीत बसून होते. बादल्यांचा आवाज आठवतो, खराट्याचा आठवतो. कुणीतरी म्हणालं, "त्या टेबलाखाली बी." कोण ते आठवत नव्हतं.

आक्का माझ्याकडे पाहत होत्या. शाबासकीची वाट पाहावी तसं. भाऊ गेला त्या दिवशी त्यांना करता येण्यासारखं तेवढंच होतं.

भाकरी टाकू का, विचारलं. टाक म्हणाल्या. शेंगांची भाजी केली. आक्का जेवल्या, मी वाढत राहिले. "तू बस की गं." बसले. त्यांनी पाहू नये म्हणून डिस्क रुमालात गुंडाळून देव्हाऱ्याच्या जागी, बुद्धमूर्तीच्या मागं ठेवली होती.

२५ जून, मंगळवार

सलीमभाईंनी डिस्क त्यांच्या मशीनला लावली. टिक. टिक. टिक. लगेच काढली.

"भाभी, आता हिला करंट द्यायचाच नाही. पाणी आत गेलंय का माहीत नाही, पण हिचा काटा आत घासायला लागलाय. गाण्याची तबकडी असते ना, तसं. जेवढ्या वेळा चालू कराल तेवढं खरवडून जाईल."

या आठ-दहा दिवसांत मी किती वेळा चालू केला. शिट्टी वाजली तेव्हा, फॅन एररला, तापून बंद पडला तेव्हा, परवा तर दिवसभर. एकेका वेळी तिथं तळाला ती टिक टिक करत असणार. पंख्याच्या आवाजात ऐकू आली नाही. मी वरचं दुरुस्त करत होते.

म्हणजे आक्कांना काय बोलायचं.

पुण्यात एक माणूस आहे म्हणाले, बंद खोलीत डिस्क उघडतो, आतली चकती काढून वाचतो. "कधी निघतं सगळं. कधी काहीच नाही. आणि भाभी, एकदा उघडली की मग परत दुसऱ्याकडं नेता येत नाही. ते पहिलंच आणि शेवटचं."

२६ जून, बुधवार

प्रज्ञा म्हणते शनिवारी येते, घेऊन जाते. मी थांब म्हणाले.

"कशासाठी थांबायचं मम्मी?"

 न उघडता ठेवली तर आत आहे असं म्हणता येतं. उघडल्यावर नसेल तर नसेलच.

"तू जपून ठेवून काय करणार? ती काय फोटो आहे का?" चिडली. मग सॉरीचा मेसेज. बापासारखी, लिहून.

२८ जून, शुक्रवार

दवाखाना सुटल्यावर गयाबाईंच्या घरी गेले. अंगणात बाजेवर बसल्या होत्या. आवाजावरून ओळखलं. "सर आले का?"

सांगितलं. हे बसस्टँडवर बाकावर बसले ते तिथंच गेले. मानवतची गाडी लागायची होती.

 गयाबाई हातानं बाज चाचपत राहिल्या. मग, "आन त्या दिशी तू मला गोळ्या दिल्या तवा?"

हो म्हणाले. तेव्हा झालं होतं.

"मंग बोलली न्हाईस." रागानं नाही. नुसतं.

मग म्हणाल्या, "गाणं आता तूच भरून घे. मी काय जलमभर ऱ्हाते का." मोबाइल काढला, रेकॉर्डिंग लावलं. त्या सुरू करणार तेवढ्यात रस्त्यानं ट्रॅक्टर आला. मी म्हणाले, मावशी, जरा थांबा.

त्या एकदम हसल्या. बोळक्या तोंडानं, मान मागं टाकून. "त्यो बी आसंच करायचा गं! ट्रॅक्टर आला की हात वर. कुत्रं भुंकलं की हात वर. मला म्हणायचा, मावशी, तुमच्या गावात लय आवाज हाय. आन समदं गेलं की मंग म्हणायचा…" आणि त्यांनी म्हटलं. "हंऽऽ, बोला आता."

तो 'हं' लांबवलेला. शेवटाला किंचित वर गेलेला. जेवायला वाढून झाल्यावर, मी काही सांगायचं म्हटल्यावर, हे असंच म्हणायचे. तीस वर्षं. मला ते आठवतही नव्हतं. आठवत नव्हतं हे त्या अंगणात कळलं.

गाणं भरून घेतलं. शेवटी कुत्रं भुंकलं, राहू दिलं. बसमध्ये उभी होते, कुणीतरी जागा दिली, बहुतेक चेहरा पाहून.

मोबाइलवरचं अजून ऐकलेलं नाही.

२९ जून, शनिवार

प्रज्ञाला फोन. ये म्हणाले.

६ जुलै, शनिवार

प्रज्ञा काल आली, आज गेली. डिस्क कापसात, मग डब्यात, डबा ओढणीत. गाडीत मांडीवर ठेव म्हणाले. "मम्मी, बाळ आहे का ते," म्हणाली आणि दोघी हसलो, मग नाही हसलो.

आक्काही आल्या होत्या तिला भेटायला. डब्यात काय म्हणून विचारलं. प्रज्ञा माझ्याकडे पाहायला लागली. तिला सगळं माहीत आहे. मी म्हणाले, कॉम्प्युटरचा भाग आहे, खराब झाला, पुण्यात दुरुस्त होतो.

"झाला की सांगा मला. माज्या भावाचं बोलणं आईकायला येते मी."

म्हणजे त्यांना कळलं होतं की आपण काय शोधतो आहोत. कुणी सांगितलं कोण जाणे. बाकीचं कळलं आहे की नाही, त्यांच्या तोंडावरून समजलं नाही. निघताना माझा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ धरला. किंवा मला तसं वाटलं.

११ जुलै, गुरुवार

प्रज्ञाचा फोन. माणसानं डिस्क उघडली. एका चकतीवर ओरखडे आहेत, दुसरी बरी दिसते. कशावर काय आहे ते आत्ता सांगता येत नाही. वाचायला लावली आहे, हळूहळू चालते. तो स्वतः फोन करेल, आपण करायचा नाही.

आक्कांचा फोन आला होता, उचलला नाही. उद्या करीन. काय बोलायचं ते ठरलेलं नाही.

संध्याकाळी अ‍ॅप्रन धुवायला काढला तर मधलं बटण लोंबकळत होतं. डब्यात त्या मापाचं पांढरं मिळालं नाही, थोडं पिवळट होतं ते घेतलं. खिडकीपाशी बसून सुईत दोरा ओवला, दुसऱ्या खेपेला गेला. बटण लावलं, गाठ मारली, दोरा दातानं तोडला.